पाहुण्यांचा माठ

नोकरीत असताना लोक मला दोन प्रश्न हमखास विचारायचे. पहिला, "बाई, तुमी नक्की करता तरी काय?" आणि दुसरा, "हे काय नगरपालिकेचं काम हाये?" पहिल्याचं उत्तर देता देता माझी नोकरी संपली. दुसऱ्याच्या उत्तराची सुरुवात अनसूया आजीच्या स्वयंपाकघरात झाली, आणि तीही भलत्याच बाईमुळे. तेवढीच हकिगत इथं सांगायची आहे.

आमचं गाव अमरावती आणि अकोल्याच्या मधलं. नाव लिहीत नाही, कारण ज्यांच्या मोरीपर्यंत मी शिरले त्यांची घरं कुणाला ओळखू येऊ नयेत. आमच्या नगरपालिकेने घरपोच वृद्धसेवा सुरू केली तेव्हा गावातली निम्मी पोरं पुण्या-नाशकाला गेलेली होती आणि मागे म्हातारी माणसं उरली होती. आमच्या सेविका त्यांच्या घरी जायच्या. आंघोळ घालणं, नखं कापणं, गोळ्या दिल्या की नाही ते बघणं, गादी उन्हात टाकणं, गरज पडली तर खिचडी टाकणं, असं काम. मी पर्यवेक्षिका होते. पर्यवेक्षिका म्हणजे ज्या दिवशी सेविका रजेवर असेल त्या दिवशी तिच्या जागी जाणारी बाई. त्यामुळे सगळी घरं मला आतून माहीत होती, आणि मला मुळात दुसऱ्याच्या घरात डोकवायची खोड आहेच. त्या खोडीला सरकारी ओळखपत्र मिळालं, एवढंच.

आमचा एक नियम होता. तो मी केला आणि त्याचा मला भारी तोरा होता. घरात पाऊल टाकलं की सेविकेने आधी प्यायला पाणी मागायचं. तहान असो नसो. पाणी मागितल्यावर माणूस कसा उठतो, चौकट धरतो का, हात किती थरथरतो, आत गेल्यावर कशाला आलो ते आठवतं का, हे सगळं न विचारता दिसतं. म्हाताऱ्या माणसाला "बरं आहे ना?" विचारलं तर तो बरंच आहे म्हणतो. रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्डसाहेब होते. आयुष्य बडनेऱ्यात गेलेलं, आमची सेविका जरा उशिरा आली की दारात घड्याळ घेऊन उभे. हुशार, टापटीप, कपड्यांना इस्त्री. एके दिवशी मी पाणी मागितलं, त्यांनी आतून ग्लास आणला, बशीत ठेवून अदबीने पुढे केला. ग्लास रिकामा होता. "घ्या ना," म्हणाले. तेव्हा आम्हाला कळलं की साहेबांचं विसरणं सुरू झालंय, आणि त्यांच्या लेकीला कळायच्या कितीतरी आधी कळलं.

दुसरं असं की आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. जमिनीखाली पाणी आहे, पण खारं. बोअर मारा नाहीतर विहीर खणा, हाताला लागतं ते भांडी घासायचं पाणी. त्यात डाळ शिजत नाही, चहा ठेवला तर दूध फाटतं. प्यायचं गोडं पाणी लांबच्या धरणातून नळाला येतं आणि तेही रोज नाही. नळ आला की जो धडधाकट असेल त्याने पळत सुटायचं आणि घरातलं झाडून सगळं भरून ठेवायचं. म्हणून एखाद्या घरी दिलेलं पाणी जिभेला खारं लागलं की आम्ही ओळखायचो, या घरात नळ भरणारं माणूस उरलेलं नाही. मग शेजाऱ्यापाजाऱ्यांना गाठून काहीतरी सोय लावायची.

माझ्यासाठी त्या पाण्याला आणखी एक चव होती. आम्ही बौद्ध. माझी आई लोकांच्या वावरात निंदायला जायची, तेव्हा तिला पाणी वरून ओंजळीत ओतत. माझ्या वाट्याला ते आलं नाही. मी शिकले, नोकरीला लागले, ताठ मानेने लोकांच्या घरी गेले. पण कुठल्या घरी स्टीलचा ग्लास पुढे येतो आणि कुठल्या घरी "पाणी काय, बाहेर नळ हाये" असं होतं, ते माझ्या ध्यानात राहायचंच. बाहेरचा नळ दाखवणाऱ्या घरच्या माणसांना मी जरा जास्तच मन लावून आंघोळ घालायचे. असं का, ते मला अजून कळलेलं नाही.

अनसूया आजी माळ्याची. जन्मभर बाजारात बसून भाजी विकली, अंगणात झेंडू लावायचा आणि सणासुदीला त्याचे हार करायचे. नवरा गेलेला, एकुलता एक गजानन नाशिकला कारखान्यात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि विचारलं, "कोणाची वं तू?" आमच्याकडे या प्रश्नात बापाचं नाव, गाव आणि जात असं सगळं एकदम विचारलेलं असतं. मी सगळं एकदम सांगितलं. आजी क्षणभर थांबली. मग "बस" म्हणाली, भिंतीला हात न लावता उठली, आणि बाहेरच्या खोलीत तिवईवर पितळी झाकणाचा माठ होता त्यातलं पाणी घासूनपुसून लख्ख केलेल्या ग्लासात आणून दिलं. गोडं, गार पाणी. मला इतकं बरं वाटलं की मी दुसरा ग्लास मागितला.

नंतरही कधी गेले तरी तेच. तोच माठ, तोच ग्लास, पाणी गोडं. सेविकाही तेच सांगायच्या. शेजारची सून नळाच्या दिवशी आजीला पाणी देते हे मला माहीत होतं. आजीच्या घरचं पाणी हा माझ्यासाठी निकालात निघालेला विषय होता.

आणि मग आजीचे पाय सुजायला लागले.

दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, रक्तदाब वाढलाय, मीठ बंद. आजीने मीठ बंद केलं. अळणी वरण, अळणी भाजी. "ढोरावानी खाऊन राहिली मी," म्हणायची. तरी सूज उतरेना. चालताना तोल जायला लागला, एकदा अंगणात पडली. गजानन धावत आला. भला माणूस, पण घाबरलेला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, तुमी लोकं येता तरी हे असं. दिवाळीपर्यंत पाहतो. सूज नाही उतरली तर मायले नाशकाले घेऊन जातो अन् घर काढून टाकतो." आजी आतून ऐकत होती. तिथूनच ओरडली, "घर काढतं? आधी मले काढ, मंग घर काढ!"

नाशकाला गजाननचं घर चौथ्या मजल्यावर. तिथं आजी खिडकीत बसून राहणार आणि झेंडू कुंडीत येणार, हे तिला दिसत होतं, मलाही दिसत होतं. तिला तिच्या घरात राहायचं होतं, बस. आमचं सगळं काम तरी आणखी कशासाठी होतं?

म्हणून मी मिठाच्या मागे लागले. मला खात्री होती की म्हातारी चोरून काहीतरी खाते. लोणच्याची बरणी हुंगली. पापडाचा डबा उघडला. शेजारणीला विचारलं, चिवडा-बिवडा देते का. पलंगाखाली वाकून पाहिलं तर आजी भडकली. "माही चोरी पकडून राहिली काय वं? सापडलं तर मलेही दाखवजो, लय दिवस झाले मीठ पाह्यलं नाही!" सेविकांना वाटलं, बाईंना वेड लागलंय. पण मीठ बंद आणि सूज सुरू, हे कोडं मला बसू देईना. जेवताना, गाडीवर, मीटिंगमध्ये, डोक्यात तेच.

त्याच सुमारास दुसरं संकट आलं. आमची सेवा बाहेरच्या एका एजन्सीला द्यावी असा विषय निघाला. एजन्सी कमी खर्चात करणार होती, त्यांच्या मुलींकडे मोबाइलवर नोंदी, अंगात निळे कोट. आधी काही महिने निम्मं गाव त्यांनी बघायचं, निम्मं आम्ही, मग सभेत ठरवायचं, असा मधला मार्ग निघाला. अनसूया आजीची गल्ली एजन्सीकडे गेली. मला मात्र देखरेखीला दोन्हीकडे जायची मुभा होती.

आजीकडे एजन्सीची पूजा यायची. भंडाऱ्याकडची, तळ्यांच्या मुलखातली. मुलगी कामाला चोख. मी तिच्यात खोट शोधायला गेले होते हे कबूल करते, पण नखं तर ती आमच्यापेक्षा छान कापायची. तिला एजन्सीचा कडक नियम होता, घरात काही खायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. आपली बाटली आपण आणायची. आजीला त्याचा फार राग. "पोट्टी माह्या घरचं पाणी पेत नाही. काय इख टाकलं हाये त्यात?"

मे महिन्यातल्या एका दुपारी मी आजीकडे गेले तर पूजा अंगणातच उभी. उन्हाने तोंड लालबुंद आणि चेहरा रडवेला.

"मॅडम, एजन्सीले सांगू नका. माह्या हातून एक झालं."

मला वाटलं, आजी पडली.

"माही बाटली संपली होती," ती म्हणाली. "आजीचा डोळा लागला होता. कशाले उठवू म्हणून आतल्या माठातलं पाणी घेतलं. अन् थुंकलीच मी. नुसतं मीठ होतं मॅडम त्यात!"

मी हसले. "अगं, तो वापरायचा माठ आहे. बोअरचं पाणी असतं त्यात. प्यायचा बाहेरचा."

पूजाने मान हलवली. "नाही मॅडम. आजी त्याच माठातून गोळी घेते. मी रोज पाहून राहिली. मले वाटलं, दोन्हीत एकच पाणी असन."

मी तिथंच पायरीवर टेकले. मला चव माहीत होती, पण आजी कुठल्या माठातून पिते ते मी कधी पाहिलंच नव्हतं, कारण मी नेहमी बाहेरच्या खोलीत, ग्लास हातात धरून, खूश होऊन बसलेली. पूजाने ते रोज पाहिलं होतं, पण तिला खारपाण ही चीजच माहीत नव्हती. आम्ही दोघी एकत्र आलो तेव्हा कुठे मीठ सापडलं.

आजी जागी झाल्यावर मी तिला विचारलं, "आजी, तुमी आतल्या माठातलं खारं पाणी पेता?"

"मंग?" आजी म्हणाली. "शेजारची सून एक कळशी देते नळाची. तिलेही तिचं भरनं असते. थे पाहुण्याईले लागते ना! आल्यागेल्याले काय खारं पाजू?"

"पण तुमच्याकडे येतं कोण?"

आजीने माझ्याकडे असं पाहिलं की प्रश्न विचारल्याची मला लाज वाटली.

"तूच तं येतं. तुह्या बाया येत होत्या. घरात आल्या नाही की पयले पाणी मांगतात. लय तहानेल्या बाया हायेत बाप्पा नगरपालिकेच्या!"

पूजा तोंडावर हात ठेवून हसायला लागली. मला हसूही येईना आणि रडूही येईना. ज्या नियमाचा मला तोरा होता, त्या नियमाने आम्ही आजीचं गोडं पाणी रोज ग्लास-ग्लास करून पिऊन टाकत होतो. बाहेरगावची बाई या फेऱ्यात सापडली नसती. पाहुण्याला खारं पाणी द्यायचं नाही हे आजीला जितकं पक्कं माहीत होतं, तितकंच मलाही माहीत होतं. माझ्या घरी मी तेच केलं असतं. आणि गोड्या पाण्याचा तो ग्लास मला इतका मोलाचा वाटत होता की त्याच्यापलीकडे स्वयंपाकघरात डोकवावं असं, माझ्यासारख्या भोचक बाईलाही, सुचलं नाही.

डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, एवढ्यानेच सूज आली असं छातीठोक सांगता येणार नाही, पण आधी ते पाणी बंद करा. 

मी ऑफिसात गेले. आमच्या खोलीसमोरच, व्हरांडा ओलांडला की पाणीपुरवठ्याची खोली. तिथं व्हॉल्व्ह सोडणारे भाऊ चहा पीत होते. त्यांना मी उठवलं आणि गाडीवर बसवून आजीच्या गल्लीत नेलं. त्यांनी पाहिलं, आजीचं घर पाइपाच्या शेवटच्या टोकाला, आणि नळ भिंतीवर इतका उंच की भरलेली कळशी आजीला उतरवताच येणार नाही. भाऊंनी नळ खाली आणला, तोटी बदलली, आणि म्हणाले, "बाई, तुमची सेविका कवा येते ते सांगा. त्या वक्ताले या गल्लीचा व्हॉल्व्ह सोडत जाईन." झालं. पुढच्या पाण्याला पूजाने दोन्ही माठ भरले.

सभा झाली ती पावसाळ्यात. मुख्याधिकारी, नगरसेवक, एजन्सीचे साहेब, आणि कोपऱ्यात मी. मी आजीची हकिगत जशीच्या तशी सांगितली, कारण ती लपवली असती तर पूजाचा वाटा लपला असता. तिचं नाव आणि तिने चाखलेला घोट तेवढा मात्र गाळला. एजन्सीचे साहेब शांतपणे म्हणाले, "म्हणूनच आमच्या मुली कुणाच्या घरचं पाणी पीत नाहीत. आमचा नियम असता तर हे घडलंच नसतं." खरंच होतं ते. माना डोलल्या.

मुख्याधिकाऱ्यांनी सहज विचारलं, "मग आता त्या आजींच्या पाण्याचं काय?"

"ते झालं साहेब, त्याच आठवड्यात. समोरच्या खोलीत जाऊन भाऊंना घेऊन गेले."

ते एजन्सीच्या साहेबांकडे वळले. "तुम्ही असता तर काय केलं असतं?"

"आम्ही अर्ज केला असता."

"कोणाकडे?"

"नगरपालिकेकडेच."

मागच्या रांगेतले एक नगरसेवक मोठ्याने म्हणाले, "म्हंजे फिरूनफिरून इथंच येणं हाये! मंग एजन्सीकडे जाऊन काहून राहिलो बाप्पा आपण?" सगळे हसले. साहेबही हसले, माणूस वाईट नव्हता. मला मात्र त्या क्षणी, इतक्या वर्षांनी, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. म्हाताऱ्या बाईला आंघोळ कोणीही घालेल. पण तिच्या नळाचा, गटाराचा, दारातल्या दिव्याचा मालक जो, त्यानेच तिच्या घरात जायला हवं. त्याचं काम व्हरांडा ओलांडला की होतं.

सेवा सध्या नगरपालिकेकडेच ठेवावी असं ठरलं. "सध्या" हा शब्द ठरावात आहे आणि तो मला अजून खुपतो. पूजा पुढे आमच्याकडे मानधनावर आली. आणि आमचा पाण्याचा नियम बदलला. आता सेविका पाणी मागते, पण सांगून मागते, "तुमी पेता त्या माठातलं द्या, आमी पाहुणे नाही." 

आजीला हे पटायला वेळ लागला. मी पहिल्यांदा आतल्या माठाकडे निघाले तेव्हा ती मधे आली. "थांब. मी देतो." आणि उठून, स्वतःच्या हाताने, आतल्या माठातलं पाणी आणून दिलं. मी उंबरठ्याच्या अलीकडेच राहिले. तिला आपला साधा माठ दाखवायची लाज वाटली, की माझा हात माठाला लागायला नको होता, हे मी विचारलं नाही. जगातलं सगळं विचारणारी मी, एवढंच विचारायला धजले नाही. त्यानंतर दर वेळी तसंच, ती उठायची, मी बाहेर थांबायचे.

सूज हळूहळू उतरली. दिवाळीला गजानन आला, आईचे पाय दाबून पाहिले, दोन दिवस राहिला आणि एकटाच परत गेला. 

यंदा मी निवृत्त झाले. परवा मोझरीला जाऊन येताना वाट वाकडी करून आजीकडे गेले. ना ओळखपत्र, ना काम. आजी ओसरीवर झेंडू ओवत बसली होती. इकडचं तिकडचं बोलणं झालं, आणि जुन्या सवयीने मी म्हटलं, "आजी, पाणी द्या."

आजीने सुईवरून नजर वर केली नाही. "घे आतून."

पाणी मागितलं आणि म्हातारं माणूस उठलं नाही म्हणजे काय, हे मीच सेविकांना शिकवलेलं. तिच्या पायांकडे पाहिलं. सूज नव्हती. मग गुडघे? चक्कर? पूजाला फोन करावा का? हे सगळं डोक्यात घेऊन मी बाहेरची खोली ओलांडली, उंबरठा ओलांडला, माठावरचं झाकण काढलं आणि ग्लास आत बुडवला.

तेवढ्यात बाहेरून आरडाओरडा ऐकू आला. ग्लास घेऊन मी पळत आले. शेजारची बकरी झेंडूत शिरली होती आणि आजी काठी उगारून, अख्खं अंगण तुडवत, तिच्या मागे लागली होती. बकरीला फाटकाबाहेर काढून, कडी लावून, ती परत येऊन ओसरीवर बसली. सुई शोधायला लागली.

"उठता तं येते तुमाले!" मी म्हणाले.

"येते नाही तं काय?"

"मंग मले पाणी द्याले काहून नाही उठल्या?"

आजीने माझ्याकडे, त्या पहिल्या दिवशी पाहिलं होतं तसंच, पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "पाहुण्यासाठी उठा लागते वं. तू काय पाहुणी हाये?"

मला तिच्यासमोर रडायचं नव्हतं. हातातलं पाणी मी एका दमात प्यायले, आणि परत आत जाऊन माझ्या हाताने आणखी एक ग्लास घेतला.